एक पट्टी, दोन स्वर



मी संगीतशास्त्राची अभ्यासक नाही. माझे शिक्षण मराठी साहित्याचे आणि व्यवसाय अनुवादाचा. स्वर आणि त्यांची जुळवणी या विषयावर मी बोलावे, हे आपणांपैकी काहींना धाडसाचे वाटेल. पण या विषयाकडे मी वळले ते एका चुकीमुळे. आणि ती चूक माझीच असून ती छापली गेली आहे. तिची हकीगत सांगितल्यावाचून आजच्या विषयाची फोड करता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी वाद्यांच्या ध्वनिशास्त्रावरील एका छोट्या पुस्तकाचा मी मराठी अनुवाद केला. त्यात पियानोच्या काळ्या पट्ट्यांचे वर्णन होते. पाश्चात्य पद्धतीत काळ्या पट्टीला दोन नावे असतात, हे आपणांस ठाऊक असेल. डावीकडच्या पांढऱ्या पट्टीचा स्वर चढवून तिथे पोहोचलो, तर ती पट्टी ‘शार्प’. उजवीकडचा स्वर उतरवून पोहोचलो, तर तीच पट्टी ‘फ्लॅट’. म्हणून जी आणि ए या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधली काळी पट्टी कधी ‘जी शार्प’ म्हणवते, तर कधी ‘ए फ्लॅट’. अशा जोडनावाच्या स्वरांना तिकडे ‘एन्हार्मॉनिक’ म्हणतात. मी त्याला ‘समध्वनी’ असा प्रतिशब्द योजला आणि वाक्य लिहिले : ‘जी शार्प आणि ए फ्लॅट ही एकाच स्वराची दोन नावे होत.’ वाक्य सुबोध होते. मुद्रितशोधनात त्यावर कोणाचे बोट थांबले नाही.

पुस्तक निघाल्यावर वर्षभराने बडोद्याहून एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ वयोवृद्ध व्हायोलिनवादक होते. पत्र तीनच ओळींचे होते. ‘ताई, आपण ‘पट्टी’ लिहावयाचे तेथे ‘स्वर’ लिहिले आहे. पट्टी एक आहे, स्वर दोन आहेत. कधी बडोद्यास येणे झाले, तर ऐकवीन.’

मी गेले. त्यांनी वाद विशेष घातला नाही. तंबोरा छेडून दिला, व्हायोलिनच्या षड्जाच्या तारेवर गंधार लावला, आणि तंबोऱ्याशी तो पूर्ण मिळाल्यावर बोटाची जागा मला दाखवली. मग म्हणाले, ‘आता हा गंधार म्हणजेच षड्ज समजा आणि त्याचा गंधार शोधा.’ तो शोधून त्या जागी त्यांनी खडूची एक बारीक रेघ ओढली. नंतर तार षड्जाकडून निघाले. ज्या स्वराचा गंधार म्हणून तार षड्ज शोभेल, तो स्वर खाली उतरून त्यांनी शोधला आणि तिथे दुसरी रेघ ओढली. पियानोच्या हिशेबाने या दोन्ही रेघा एकावर एक पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्यांच्यात जवळजवळ पाच मिलिमीटरचे अंतर होते. मी दोन्ही स्वर ऐकले. ते भिन्न आहेत, हे ओळखायला तयार कानाची गरजही नव्हती.

हे का घडते, ते थोड्या अंकगणिताने पाहू. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू. दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण लहान पूर्णांकांत असेल, तर ते कानाला मिळालेले वाटतात. शुद्ध गंधाराचे षड्जाशी प्रमाण ५:४ आहे. म्हणून गंधार ३०० कंपनांचा. त्याचाही गंधार काढला, तर ३७५. ही पहिली रेघ. पाश्चात्य परिभाषेत षड्जाला सी म्हटले, तर हा जी शार्प झाला. आता वरून या. तार षड्ज ४८० कंपनांचा. त्याच्या खाली ५:४ या प्रमाणात जो स्वर येईल तो ३८४ कंपनांचा. ही दुसरी रेघ, म्हणजे ए फ्लॅट. ३७५ आणि ३८४ हे दोन स्वर एकदम वाजवले, तर त्यांच्या झगड्यातून सेकंदाला नऊ थरथरी ऐकू येतात. आणि पियानो काय करतो? तो या दोहोंच्या मध्ये, सुमारे ३८१ वर, एकच पट्टी ठेवतो. म्हणजे पियानोची ती पट्टी जी शार्पही नव्हे आणि ए फ्लॅटही नव्हे. दोघांच्या वतीने उभी असलेली ती एक प्रतिनिधी आहे.

ही अडचण कोणा कारागिराच्या अज्ञानातून आलेली नाही, ती अंकांतच आहे. ५:४ या प्रमाणाच्या तीन पायऱ्या चढल्या, की २४० वरून ३००, ३७५ आणि अखेर ४६८.७५ येतात, तार षड्जाचे ४८० येत नाहीत. जिना वरच्या मजल्याला थोडक्यात पोहोचत नाही. पंचमाच्या पायऱ्यांनी गेलो, तर उलट होते : शुद्ध पंचमाच्या बारा उड्या सात सप्तकांच्या किंचित पलीकडे जातात. ज्या वाद्यात प्रत्येक स्वराची जागा आधीच पक्की करून ठेवावी लागते, त्याच्या कर्त्याला ही उणीव किंवा हा उरलेला अंश कुठे तरी टाकावाच लागतो. कुठे टाकायचा, एवढीच त्याची मोकळीक.

युरोपातील वाद्यकारांनी या मोकळिकीचा उपयोग अनेक प्रकारे केला. सोळाव्या व सतराव्या शतकांत प्रचलित असलेल्या एका पद्धतीत गंधारासारखी अंतरे शुद्ध ठेवीत आणि पंचम किंचित आखडता घेत. त्या जुळवणीत काळी पट्टी जी शार्प म्हणून लावली, की ती ए फ्लॅटचे काम करू शकत नसे. तसा प्रसंग आला, तर जो कर्कश आवाज निघे त्याला वादक ‘लांडगा’ म्हणत. हा लांडगा टाळण्यासाठी काही ऑर्गनांत काळी पट्टीच दुभागली जाई : पुढचा भाग एका स्वराचा, मागचा भाग दुसऱ्याचा. लंडनच्या टेम्पल चर्चसाठी बर्नार्ड स्मिथ यांनी १६८० नंतरच्या दशकात बांधलेल्या ऑर्गनात अशा दुभंगलेल्या पट्ट्या होत्या. बासरीवाल्यांनाही हा भेद सोडवत नव्हता. योहान योआखिम क्वांट्झ या प्रसिद्ध जर्मन बासरीवादकाने १७२६ मध्ये आपल्या बासरीला एक जादा चावी बसविली, ती डी शार्प आणि ई फ्लॅट वेगवेगळे वाजावेत म्हणून. व्हायोलिनवादकांना चावीची गरज नव्हती, बोट सरकवले की झाले. संगीतकार मोझार्टचे वडील लिओपोल्ड मोझार्ट यांनी १७५६ च्या आपल्या व्हायोलिनविषयक ग्रंथात नमूद केले आहे, की पट्टीच्या वाद्यावर हे दोन स्वर एक असले, तरी योग्य प्रमाणाने पाहता फ्लॅट स्वर शार्पपेक्षा किंचित उंच असतात. माझ्या वाक्याचे खंडन माझ्या जन्मापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे छापून तयार होते!

येथपर्यंत ऐकून आपण म्हणाल, की मग ए फ्लॅट उंच आणि जी शार्प खालचा, असा नियम करून टाकावा. मीही बडोद्याच्या त्या गृहस्थांना तसे म्हटले. ते हसले. विसाव्या शतकातील थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांची शिकवण नेमकी उलट होती. ज्या स्वरावरून पुढच्या स्वरावर विसावायचे आहे, तो त्या विसाव्याच्या अधिक जवळ घ्यावा, असे ते सांगत. त्यानुसार ए कडे निघालेला जी शार्प वर ओढला जातो, आणि जी कडे उतरू पाहणारा ए फ्लॅट खाली. यालाही अंकांचा आधार आहे. शुद्ध पंचमाच्या पायऱ्यांनी हिशेब केला, तर जी शार्प सुमारे ३८४ वर येतो आणि ए फ्लॅट ३७९ वर. म्हणजे क्रमच फिरला. वृंदगायनात संवादी स्वरांबरोबर उभे राहायचे असेल, तर शार्प खाली. एकट्या सुरावटीत पुढे धाव घ्यायची असेल, तर तोच वर. स्वराची जागा त्याच्या नावाने ठरत नाही. तो कोणाच्या सोबतीने आला आहे आणि कोठे निघाला आहे, यावर ती ठरते. गळा, व्हायोलिन, सारंगी यांना ही गोष्ट क्षणोक्षणी नव्याने ठरवता येते. पियानोला आणि पेटीला ती एकदाच, वाद्य जुळवताना ठरवावी लागते.

तेव्हा सप्तकाचे बारा अगदी समान भाग करावेत, हा उपाय पुढे सर्वत्र मान्य झाला. त्याचे अचूक गणित चीनमधील राजपुत्र झू झायू यांनी १५८४ मध्येच मांडले होते. या जुळवणीत षड्ज आणि सप्तक सोडले, तर एकही स्वर पूर्ण शुद्ध नसतो. पण अशुद्धी सर्वांत सारखी वाटलेली असते आणि लांडगा नाहीसा होतो. पंचमात फरक नगण्य पडतो : ३६० ऐवजी ३५९.६. गंधारात मात्र तो जाणवतो : ३०० ऐवजी ३०२.४. त्याच्या मोबदल्यात मिळते ते असे, की कोणत्याही पट्टीला षड्ज मानून त्याच खुणांनी पुढे जाता येते. हा लाभ लहान नव्हे. पाश्चात्य संगीतातील पुष्कळशी मोठी रचना याच सोयीवर उभी आहे.

आता आपल्या घरात येऊ. हार्मोनियम हे वाद्य पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबॅं यांनी १८४२ मध्ये नोंदविले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला जमिनीवर बसून, एका हाताने भाता चालवून वाजवता येईल असे रूप दिले. मराठी संगीत नाटकाने आणि कीर्तनाने पेटी इतकी आपलीशी केली, की गायकाचा षड्जही आपण तिच्या भाषेत सांगू लागलो : काळी एक, पांढरी चार. ही भाषा समान बारा भागांमुळेच शक्य झाली. पुरुषाचा षड्ज एका पट्टीवर आणि स्त्रीचा दुसऱ्या पट्टीवर असला, तरी एकाच पेटीवर दोघांची साथ करता येते.

पण तंबोऱ्याजवळ पेटी ठेवली, की जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून पाचवा उपस्वर म्हणून शुद्ध गंधार आपोआप झंकारत असतो. पेटीचा गंधार त्याहून चढा. २४० च्या षड्जावर या दोहोंच्या उपस्वरांत सेकंदाला नऊ-साडेनऊ थरथरी पडतात. त्याहून अवघड गोष्ट कोमल स्वरांची. तोडीतला अतिकोमल गंधार, दरबारीतला आंदोलित गंधार आणि भीमपलासातला गंधार यांना पेटीजवळ एकच पट्टी आहे. आंदोलन तर पट्टीवर होतच नाही; कारण आंदोलन म्हणजे स्वराची जागा नव्हे, हालचाल.

अनुवादक म्हणून मला येथे एक गंमत दिसली. तिकडे एका पट्टीला दोन नावे आहेत. इकडे एका नावाखाली अनेक जागा आहेत. ‘जी शार्प’चे शब्दशः भाषांतर ‘तीव्र पंचम’ असे होईल. पण आपल्याकडे पंचम अचल. तीव्र होतो तो केवळ मध्यम. म्हणून त्या पट्टीला आपण ‘कोमल धैवत’ एवढेच म्हणतो, आणि तो कोणत्या रागात किती कोमल, हे गुरूच्या गळ्यातून शिकतो. आमच्या नावांनी भेद लिहून ठेवला नाही, तो कानाच्या स्वाधीन केला. पाश्चात्य नावांनी तो लिहून ठेवला. वाद्याने पुसला, तरी कागदावर तो राहिला.

हा भेद पट्ट्यांतच बसवावा, असा एक मोठा प्रयत्न सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी केला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने त्यांनी बावीस श्रुतींची प्रमाणे ठरविली व १९१० मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स या आय. सी. एस. अधिकाऱ्याने त्यांना साथ दिली, आणि या प्रमाणांची ‘श्रुती-हार्मोनियम’ लंडनमध्ये तयार करवून घेण्यात आली. १९१६ च्या मार्चमध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यात ती पेटी मांडण्यात आली. जमलेल्या कलावंतांनी तिला मान्यता दिली नाही. ज्या शहरात माझी चूक मला दाखविली गेली, त्याच शहरातली ही घटना. देवलांचे परिश्रम मोलाचे होते. परंतु बारा खुंट्यांच्या जागी बावीस खुंट्या ठोकल्या, तरी त्या खुंट्याच. नजीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत असे दिसून आले, की एकाच कलावंताचा गंधार एकाच मैफलीतही प्रसंगाप्रमाणे कमी-अधिक जागांवर लागतो. भेद बावीसही नाहीत. ते मोजून संपणारे नाहीत.

दुसरा उपाय बहिष्काराचा. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवीन्द्रनाथ ठाकूरही तिच्या विरुद्ध होते. आणि १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर पेटीला बंदी झाली. १९७१ मध्ये ती साथीपुरती, अटींसह शिथिल करण्यात आली. मधल्या एकतीस वर्षांत ज्यांची उपजीविका पेटीवर होती, त्यांना नभोवाणीचे दार बंद राहिले. आणि त्याच काळात मैफलींतून व रंगभूमीवर पेटी वाजतच होती. तक्रार खोटी नव्हती, पण ती वाद्याची होती. शिक्षा वादकांना झाली.

मला वाटते, या दोन्ही उपायांनी एकच गोष्ट नजरेआड केली : पेटी वाजवणाऱ्याचे कान. गोविंदराव टेंबे, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांची साथ ज्यांनी ऐकली, त्यांनी अनुभवले आहे, की जिथे पेटीची पट्टी गायकाच्या जागेशी भांडेल, तिथे उत्तम साथीदार ती पट्टी दाबून धरीत नाही. तो शेजारच्या स्वराचा कण देऊन निघून जातो, भाता हलका करतो, किंवा काही काळ गप्प राहतो. काही वादक ठरावीक षड्जासाठी सूर घासून जुळवून घेतात : पत्तीचे टोक घासले की सूर चढतो, मूळ घासले की उतरतो. त्यांना आपल्या वाद्याची उणीव नेमकी कुठे आहे ते ठाऊक असते, म्हणून ते सुरात वाजवू शकतात. कणसूर होतो तो पट्टीवर निःशंक विश्वास टाकणारा.

तीच गत माझी झाली. ‘एन्हार्मॉनिक’ हा शब्द मूळ ग्रीक. प्राचीन ग्रीक संगीतात तो पाव स्वराएवढी अतिसूक्ष्म अंतरे ज्या प्रकारात येत, त्या प्रकाराचे नाव होता. म्हणजे जो शब्द एके काळी सूक्ष्म भेदाची खूण होता, तोच पट्टीच्या वाद्यांच्या राज्यात भेद नसल्याची खूण झाला. आणि मी तर त्यावर ‘समध्वनी’ असा शिक्का मारून भेदाची आठवणही मिटवली. कोशातला प्रतिशब्द ही एक पट्टीच असते. तिच्यावाचून अनुवादकाचे चालत नाही, हे कबूल. पण तीखाली किती जागा झाकल्या गेल्या आहेत, याची शंका त्याच्या मनात जागी असली पाहिजे. माझी शंका त्या दिवशी झोपली होती.

बडोद्याच्या त्या गृहस्थांचा निरोप घेताना मी त्यांना विचारले, की मग आपण पेटी कधी वाजवतच नसाल? त्यांनी कोपऱ्यातील खोळ घातलेल्या पेटीकडे बोट दाखवले. ‘शिकवण्या तिच्यावरच करतो,’ ते म्हणाले. ‘मुलाला आधी गाव दाखवायचे, मग गल्ल्या. फक्त त्याला सांगून ठेवायचे, की गाव एवढेच नाही.’

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघेल, तेव्हा ते वाक्य असे असेल : ‘जी शार्प आणि ए फ्लॅट ही पियानोवरील एकाच पट्टीची दोन नावे होत, गळ्यात आणि व्हायोलिनवर ते दोन स्वर असू शकतात.’ तोपर्यंत, आपल्या ग्रंथालयातील प्रतीत पेन्सिलीने एवढी दुरुस्ती करू द्यावी, अशी विनंती मी ग्रंथपालांना सभेपूर्वीच केली आहे, आणि ग्रंथावर काही लिहू नये हा नियम एका ओळीपुरता बाजूला ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे.